लांब आयुष्याचं कापड

भेटल्याबरोबर ती तुमच्या पदराचं टोक चिमटीत धरायची, अंगठ्यानं चोळायची आणि म्हणायची, "अजून धा वर्सं जातंय." तुम्ही कशा आहात, हे त्यानंतर. जिच्यासमोर जुनी साडी नेसून जायची सोय नसते अशी एखादी तुमच्याही गावात असेल. आमच्या वस्तीवर तिला सगळे मावशी म्हणायचे. मी अंगणवाडीची, म्हणून मी तिची "बाई". तिचा मुलगा चाकणला कंपनीत होता, घरी ती आणि सून.

नवं कापड तिच्या मशीनवर मी कधी पाहिलं नाही. लुगड्याची दुपटी, शर्टाच्या बाह्यांच्या पिशव्या, विजारीच्या पायाचे उशीचे अभ्रे. माझ्या साखरपुड्याच्या साडीचीही तिनं बस्करं केली. त्यावर बसून आता पाच पोरं खिचडी खातात.

अट एकच. "कुणाचं हाय?" हे विचारल्याशिवाय कात्री लागायची नाही. बाळाला पहिलं झबलं म्हाताऱ्या माणसाच्या कापडाचं घालायचं, त्याचं आयुष्य बाळाला लागतं, हे आपल्याकडे सगळेच मानतात. तिनं तो नियम पायपुसण्यालाही लावला होता. अकाली गेलेल्याचं कापड ती हातात घ्यायची नाही. "त्याचं तुटल्यालं दुसऱ्याला कशाला जोडायचं?" म्हणायची. मी हसायचे.

मग शेजारच्या वस्तीवर खुरपायला बसलेल्या एका बाईला बिबट्यानं मानेला धरून उसात ओढून नेलं, आणि माझं हसणं थांबलं. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती. मी मुळातच भित्री, पाल दिसली तरी वर्ग सोडून पळणारी. त्यानंतर उसाचं पान हललं तरी मी मागं फिरायला लागले. बसलेलं माणूस बिबट्याला शेळीएवढं दिसतं, असं कुणीतरी सांगितलं. बायकांना शेतात जायची भीती वाटत होती आणि न जाऊन भागत नव्हतं.

मावशी मशीनला बसली. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो ना, तसे पट्टे ती बायकांसाठी शिवायला लागली. जुन्या जीनचे तीन पदर, मध्ये सायकलच्या टायरची पट्टी, बाहेर टोकं काढलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, आणि मानेला बोचू नये म्हणून आतून मऊ लुगडं.

"मावशे, कुत्र्यावानी दिसतोय की गं आमी," एक जण म्हणाली.

"दिसा की. कुत्रं घरी तरी येतंय."

सगळ्या हसल्या आणि त्यातली एक हसता हसता रडायला लागली.

जीन घालतात तरणी पोरं, त्यामुळे मावशीला नियम थोडा सैल करावा लागला. "जिता हाय न्हवं? मग चालंल." सगळ्यांचे पट्टे झाले, सुनेचा तेवढा राहिला आणि कापड संपलं. सून तर रोज उसाच्या कडेनं गवताला जायची. माझ्या ट्रंकेत एक जीन होती. माझ्या भावाची. तो बाविसाव्या वर्षी नारायणगावच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. आईनं त्याचे कपडे वाटून टाकले, तेव्हा ती तेवढी मी लपवली होती. ती मी मावशीला नेऊन दिली.

"कुणाची हाय, बाई?"

"दिराची. पुण्याला असतो. आता पोटावर बसत नाही त्याला."

तिनं कापड चिमटीत धरून चोळलं. "लई दमाचं हाय," म्हणाली आणि कात्री लावली.

मी शिकलेली बाई आहे. लसीकरणाच्या दिवशी दुसऱ्यांच्या अंधश्रद्धा काढते. पण सून तो पट्टा बांधून निघाली की ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारातून बघत राहायचे. पोरांना गाणी म्हणून दाखवताना कान उसाकडे लागलेले. चौथ्या दिवशी ती दुपारपर्यंत परतली नाही. पोरांना मदतनीसबाईंच्या हवाली करून मी धावत सुटले, तर ही बांधावर उभी, फोनवर माहेरी गप्पा मारतेय! तिला घेऊन तशीच मावशीकडे गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं.

मशीन थांबलं. आता आपली खैर नाही, असं मला वाटलं.

"किती वर्साचा व्हता?" तिनं विचारलं.

"बावीस."

ती उठली. सुनेच्या गळ्यातला पट्टा सोडला. स्वतःचा, नव्वदी पार केलेल्या सासूच्या लुगड्याच्या घड्या घालून शिवलेला, तिला बांधला. भावाचा स्वतःच्या गळ्यात घातला.

"मावशी, नको. फेकून द्या तो."

"फेकायचा कशाला? माझी सत्तरी झाली. ऱ्हाऊ दे माझ्या गळ्यात. जरा म्हातारं व्हऊ दे पोराला."

भाऊ गेला तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

पंधरा दिवसांनी सकाळी मावशी घरामागं गवत कापायला वाकली होती. मी अंगणवाडीत होते. किंकाळी ऐकली आणि आवाज ओळखला. दार लावून घेतलं आणि पोरं मोजत बसले. अठरा. पुन्हा मोजली. पोरं होती म्हणून गेले नाही असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मला उठताच येत नव्हतं. बाहेर डबे वाजत होते, माणसं ओरडत होती. मी दार उघडून तिच्याकडे गेले तेव्हा मावशी अंगणात खाटेवर बसली होती, खांद्यावरून रक्त येत होतं. जीनला चार भोकं पडली होती, पण बिबट्याचे दात टायरच्या पट्टीपाशी अडले होते. मान शाबूत होती.

दवाखान्यातून मुलानं तिला आणि सुनेला परस्पर चाकणला नेलं. घराला कुलूप आहे. यंदाचा ऊस तिच्या दारापर्यंत आलाय, आणि माझी वाट तिथूनच जाते.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी अंगणवाडी बंद करताना सुनेचा फोन आला. "आईंनी त्यो पट्टा पुन्हा शिवलाय, बाई. खिळं काढलं, पण गळ्यातनं पट्टा काढत न्हाईत. म्हटलं, चौथ्या मजल्यावर कुठला आलाय वाघ? तर म्हणत्यात, वाघासाठी न्हाई, पोराची सवय झालीया."

फोन ठेवला. समोर ऊस होता आणि मला घरी जायचं होतं. मी भावाला नावानं मोठ्यानं हाक मारली आणि चालायला लागले.