‘न्हाय’ म्हणणारी काकी

आमची थोरली काकी सकाळी चुलीला आधी ‘पेटायची न्हाय ही’ असं ऐकवायची आणि मग फुंकर घालायची. चूल पेटायची. काकीला त्याचं ना नवल, ना आनंद. तिचं पुढचं भाकीत तयार असायचं. गाय व्यायची न्हाय, दिघीची होडी सुटायची न्हाय, बोर्लीच्या बाजारात भोपळे खपायचे न्हायत. सगळे भोपळे खपवून रिकामी पाटी घेऊन येतानाही तिचा चेहरा असा, की कुणी समाचाराला यावं.

काकीची जीभ आणि काकीचे हात यांचं आपसात बोलणंच नव्हतं. जीभ म्हणे पाहुणे यायचे नाहीत, आणि हात तेवढ्यात वाढीव तांदूळ धुवायला घेत. आशा मोठ्यानं बोलली की तिला दृष्ट लागते, अशी तिची पक्की समजूत. पालीच्या गणपतीला नवसदेखील ती बेतानंच बोले. “व्हायाचं तं न्हाय, पन झालंच तं नारळ देईन.” काका हसून आम्हाला सांगत, “ती न्हाय म्हनते ना, मंग निवांत झोपा.”

जंजिरा संस्थानातलं आमचं गाव खाडीकाठी. एका साली मोठ्या उधाणात बांध फुटला आणि खाडीचं पाणी आमच्या भातात शिरलं. पाणी ओसरतं, पण मीठ मातीत बसून राहतं. पावसानं ते कधी धुऊन निघेल, हे कोणी सांगू शकत नाही. घरातली सगळी तोंडं त्या एका शेतावर. बांध पुन्हा घातला, तरी भात जळतच राहिलं. तिकडे मुंबईच्या गिरण्याही कधी चालू, कधी बंद. तरीसुद्धा शेत सोडून मुंबई गाठावी, असं घरात बोललं जाऊ लागलं.

काकी दर पावसाळ्यात शेतात जाऊन चिमूटभर चिखल जिभेवर ठेवी आणि थू करून टाकी. “मेलंय ते. पिकायचं न्हाय.” एवढं जाहीर करून झालं, की माहेरी भावाच्या गोड्या जमिनीच्या एका कोपऱ्यात ती गुपचूप राता पेरून यायची. राता म्हणजे थोड्याफार खारात तग धरणारं लाल भात. त्याचं बी दर साली पेरून नवं केलं नाही, तर ते उगवेनासं होतं. आम्ही नाचणीची पेज पीत होतो आणि माळ्यावर टोपलीत रात्याचं बी सुखात होतं. एकदा माझ्या वडिलांनी ते कांडायला खाली काढलं. काकी सरळ टोपलीवरच बसली. “उगवायचं न्हायच, पन नासायचं कशाला?” आम्ही पेज प्यायलो.

असे काही पावसाळे गेले. मग एकदा ज्येष्ठात ती चिखल चाखून आली, ओटीवर बसली आणि कधी नव्हे इतक्या गोड आवाजात म्हणाली, “पिकंल हो यंदा. काय काळजी करू नका.”

माझी आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. इतकी वर्षं आमचा सगळा धीर तिच्या त्या ‘न्हाय’वर होता, आता ती आमची समजूत काढायला लागली, म्हणजे तिनं आतून हात टेकले होते. मला फार भीती वाटली. तिनं स्वतःच माळ्यावरची टोपली उतरवली आणि सरकवून दिली. “कांडा हे. पोरं तरी जेवतील.”

काका उठले. सगळा जन्म त्यांनी काकीच्या सांगण्यावरून पेरणी केलेली. त्यांनी टोपली उचलून डोक्यावर घेतली.

“कुठं चाललांत?”

“पेरायला.”

“अवो, पन...”

“पिकायचं न्हाय,” काका म्हणाले. “ठावं हाय मला.”

काकी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पदर खोचला आणि मागोमाग निघाली. जाताना आईला म्हणाली, “यांना पेरता कुठं येतंय!”

त्या साली अर्धं शेत पिकलं. मुंबईचं बोलणं आपोआप थांबलं. कापणीला आम्ही सगळे गेलो होतो. काकीनं एक लोंबी खुडून काकांच्या हातावर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “मी सोडलं व्हतं. तुमी धरलंत.”

काका इतके लाजले, की विळा शोधायला लागले. तो त्यांच्या दुसऱ्या हातातच होता.