तिला गेटपास लागला नाही

सासरी कुणाच्या अंगात आलं की मी तोंडाला पदर लावून हसायचे. आजही बुवा-बाबा म्हटलं की डोकं फिरतं माझं. पण माझ्या बाबतीत जे झालं ते सांगते... खोटं वाटलं तर वाटू दे.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. आम्ही धुळ्याकडचे, राहायला सुरतेत गोडादऱ्याला. नवरा यंत्रमागावर कामाला, मी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये साड्या तपासायला. डाग, तुटका धागा माझ्या नजरेतून सुटायचा नाही. आमचा सुपरवायझर जयेशभाई हे काम माझ्याकडूनच शिकला... पण बाई कधी सुपरवायझर होते का! वर मिलचा नियम असा – पुरुषाने नुसतं सांगितलं की लवकर जायचा गेटपास मिळायचा. बाईला हवा असेल तर घरचा पुरुष गेटवर यायला पाहिजे.

त्या दिवशी माझी दोन वर्षांची मनी तापली होती. सकाळी डॉक्टरला दाखवलं, औषध पाजलं, शेजारच्या सुमनआक्काकडे सोपवून कामावर गेले. बाईचे दोन खाडे झाले की तिच्या जागी दुसरी उभीच असायची.

दोनच्या सुमारास एकदम वाटलं, घरी जायलाच हवं. हात चालेनात. जयेशभाईकडे गेले, म्हटलं, "पोरगी आजारी आहे हो, जाऊ द्या."

"घरवाळाने मोकल," तो मान वर न करता म्हणाला. नवऱ्याला पाठव म्हणे! नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याला कळवणार कोण? रडले, हात जोडले. शेवटी गुपचूप टेबलाशी येऊन उभी राहिले. तशीच निघून का नाही गेले मी...

सहाला सुटून धावत घरी आले, तर दारात बाया जमलेल्या. मनी गेली होती... आमच्याच घरात, जवळ कुणी नसताना.

मी आक्कावर ओरडले, "एकटं टाकलंस माझ्या पोरीला?"

आक्का म्हणाली, "एकली कशी वं माय? तू दोन वाजताच उनी ना! पोरगीले मांडीवर लिसन बठेल व्हती. मंग मी मना घर गऊ..."

दोनला मीच येऊन पोरीला मांडीवर घेऊन बसले म्हणे, म्हणून ती आपल्या घरी गेली! अहो, मी तर मिलमध्ये होते! शेजारच्या टेबलावरच्या बायांनी मला दिवसभर पाहिलं होतं. आणि मनीचे केस विंचरून दोन चिमुकल्या शेंड्या बांधलेल्या. आक्का देवाची शपथ घेऊन सांगायची, मी नाही बांधल्या.

ती कोण होती, मला आजवर कळलेलं नाही. लोक विचारतात, भीती नाही वाटत? नाही वाटत. हेवा वाटतो तिचा. माझी मनी तिच्या मांडीवर गेली, आणि मी तेव्हा साड्यांवरचे डाग शोधत होते.