इरल्याखालची नागफणी

पुण्याहून सकाळच्या पॅसेंजरने निघालो तेव्हा माझ्याजवळ एक फळी, रंगांची पेटी, छत्री, चित्राचे पाच कागद आणि अण्णांची ताकीद एवढं सामान होतं. वर्षभरात मी सात चित्रं सुरू केली होती आणि सातही अर्धवट सोडली होती. त्याबद्दल वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मला 'आरंभशूर' ही पदवी बहाल केली होती. "श्रावण लागायच्या आत एक तरी चित्र पुरं करून दाखव," ते म्हणाले, "नाहीतर कचेरीतल्या साहेबांना होकार कळवतो. कारकुनीची जागा रिकामी आहे." चित्रकार व्हायचं हे मी शाळेत असतानाच मनाशी ठरवलं होतं. म्हणून ऐन आषाढात, शहाणी माणसं घरात बसतात तेव्हा, मी लोणावळ्याला चाललो होतो.

तिथल्या धर्मशाळेत पथारी टाकली आणि दुसऱ्या दिवशी कुरवंड्याची वाट धरली. गावाबाहेरून नागफणीचा सुळका छान दिसतो असं ऐकलं होतं. मला दिसलं ते धुकं. दरीतून चढणाऱ्या वाऱ्यानं पहिल्याच दिवशी छत्री उलटी केली आणि उडवून नेली. पुढच्या तीन दिवसांत चार कागदांचा लगदा झाला. शेवटचा कागद उरला तेव्हा मी बांधावर बसून परतीच्या गाडीची वेळ आठवत होतो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं होतं.

शेजारच्या खाचरात बायकांची आवणी (भाताची लावणी) चालली होती. त्यातल्या एका वयस्कर बाईंनी मान वर केली.

"दादा, चार दिस झालं, काय बघताय त्या धुक्यात?"

"डोंगराचं चित्र काढायचंय मावशी. पाऊस थांबेल म्हणून बसलोय."

"थांबंल की, दसऱ्याला!" बाया खदखदून हसल्या. "आमी थांबलो आस्तो तर आवनी झाली आस्ती व्हय?"

या सखूमावशी. घरी जाऊन त्यांनी बाळंतीण सुनेचं इरलं (कामट्या आणि पळसाच्या पानांचं, डोक्यापाठीवरून घ्यायचं आच्छादन) आणून दिलं. ते पाठीवर घेऊन मी चित्रकाराच्या ऐटीत ताठ बसलो. वाऱ्यानं ते लगेच खाचरात भिरकावलं.

"ताठ बसल्याव ऱ्हात न्हाई ते," मावशी म्हणाल्या. "वाकल्या मानसासाठी केलंया. वाका की!"

वाकलो. मांडीवर फळी, फळीवर कागद आणि वर इरलं. धुकं घटकाभर विरळ होई, तेवढ्यात सुळक्याची एक रेघ हाती लागे. रंग तर वाळायचं नावच घेईना. मग प्रत्येक थर दिला की कागद मावशींच्या चुलीच्या धगीवर धरायचा आणि पुन्हा बांधावर येऊन वाकायचं. दुपारी मावशींनी नाचणीची भाकरी आणि मुठ्यांचं (खाचरातल्या खेकड्यांचं) कालवण वाढलं. घरी हे सांगायचं नाही असं ठरवून मी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कंबर धरली. दोन वेळा पेटी मिटली आणि दोन्ही वेळा समोर ओळीनं वाकलेल्या त्या बायका पाहून लाजेनं उघडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चित्र पुरं झालं. मावशी चिखलाचे हात धुऊन बघायला आल्या.

"नाक जरा मोठं झालंय डोंगराचं," त्या म्हणाल्या. "पर पुरं झालं न्हवं? मग बेस झालं."

परतताना गाडीत मला फार आनंद झाला होता. आवडीचं काम असलं की वाट आपोआप सोपी होते, असा माझा आजवर समज होता. म्हणूनच अवघड झालं की ते काम आपलं नव्हे, असं वाटून मी उठत असे. आवडीच्या कामातही कंबर दुखतेच, आणि दुखत असताना बसता येतं, हे मला तेवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

घरी अण्णांनी चित्र खिडकीपाशी नेलं. आभाळात उमटलेल्या फिकट ठिपक्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"पाऊस पडला त्यावर. इरलं गळत होतं."

"आणि तू उठला नाहीस?"

"नाही."

त्यांनी चित्र खिडकीत टेकवून ठेवलं. मग साहेबांना लिहून ठेवलेलं होकाराचं पत्र त्यांनी मेजावरून उचललं, त्याचे चार तुकडे केले आणि म्हणाले, "जेवून घे. उद्या कागद आणायला जाऊ."