मीटरवरचं नाव

कागदावर हेमराज मून गावातल्या सगळ्यात देखण्या घरात राहतो. केळझरच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून, दोन मजली, गच्चीवर दोन टाक्या. त्या घरात तो एक रात्रही झोपलेला नाही. तो झोपतो तिथून पाचशे पावलांवर, कुडाच्या भिंतींच्या दोन खोल्यांत, बायको ज्योत्स्ना आणि दोन मुलींसोबत.

घर धनंजयचं. शाळेत दोघे एका बाकावर बसायचे. धनंजय आता मेलबर्नला असतो. भूमिपूजन करून तो परत गेला आणि पुढचं सगळं व्हिडिओ कॉलवर झालं. वायरिंग हेमराजचं. आयटीआय करून लायसन काढल्यावर मिळालेलं हे त्याचं पहिलं अख्खं घर. अर्थिंगचा खड्डासुद्धा त्याने स्वतः खणला, कोळसा आणि मीठ स्वतः भरलं. शेवटी मीटर आणि नळ तेवढे राहिले.

मीटरच्या अर्जावर ग्राहकाची समक्ष सही आणि इथला मोबाइल नंबर लागत होता. पंचायतीच्या नळासाठी घरात राहणारा माणूस दाखवावा लागत होता.

“मंग तुयं नाव टाक ना,” धनंजय पडद्यावरून म्हणाला. “तू काय परका हायेस का बे?”

हेमराजने टाकलं. आपण ओढलेल्या वायरींतून करंट गेलेला पाहायची त्याला घाई झाली होती. मीटर बसलं, नळाला पाणी आलं, पंचायतीच्या वहीत मालक धनंजय आणि राहणारा हेमराज अशी नोंद झाली. त्या संध्याकाळी त्याने ज्योत्स्नाला रस्त्यावर उभं केलं आणि घरातले सगळे दिवे एकदम लावून दाखवले.

ऑगस्टअखेर घरकुलाची यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. सहा वर्षांनी हेमराजचा नंबर आला होता. नावापुढे शेरा होता: अपात्र; पक्के घर, वीज व नळ जोडणी आहे.

पंचायतीच्या सचिव रक्षा मॅडम त्याला चांगल्या ओळखत. “हेमराजभाऊ, तुम्ही कुठं राहता ते मले माहीत आहे. पण मी कागद पाहू का तुम्हाले पाहू? मालकाचं सही केलेलं पत्र आणा, राहणाऱ्याचं नाव बदलून देते. हरकतीले पंधरा दिवसांची मुदत आहे.”

पहिल्या दिवशी धनंजय म्हणाला, “हो हो, पाठवतो.” मग त्याला सुटी मिळेना. मग मेसेजला उत्तर म्हणून नुसता अंगठा यायला लागला. मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा तो चिडलाच. “दिवाळीत येतोच आहे ना यार. तेवढ्यात घर कोणी पळवून नेते का?”

आता एकच वाट होती. दोन्ही जोडण्या बंद करायच्या, म्हणजे शेराही निघाला असता. त्यासाठी धनंजयची सही लागत नव्हती, कारण कागदावर ग्राहक हेमराजच होता. गुरुवारी त्याने दोन अर्ज लिहिले. ज्योत्स्नाने वाचून पाहिले.

“आजच देऊन या,” ती म्हणाली. “घरात आणू नका आता हे कागद.”

अर्जात मीटरचं रीडिंग भरायचं होतं, म्हणून तो आधी घराकडे गेला. फाटक उघडं होतं. धनंजयची आई यशोदाबाई नळाला पाइप लावून पायऱ्या धूत होती.

“ये रे हेमराज! सकाळीच आली मी नागपूरहून, सारं सामान घेऊन. पोरीच्या घरी चौथ्या माळ्यावर जीव गुदमरे. म्हटलं, आपल्या घरी नळ आला, लाइट आली, आता कायची वाट पाहू?”

हेमराजने तिला सगळं सांगितलं.

“मंग मायं नाव टाक.”

“त्यालेही मालकाचंच पत्र लागते, काकू.”

तिने तिथूनच पोराला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“आई, त्याले म्हण दिवाळीपर्यंत दम काढ,” धनंजय म्हणाला. “तो आपलाच हाये.”

“आपला हाये म्हणूनच सांगून राह्यली ना!”

“मी मीटिंगमध्ये आहे, आई.” फोन बंद झाला.

यशोदाबाईने नळ बंद केला. “बंद कर बाबा दोन्ही. मी हापशीवरून आणीन पाणी.” ती मनापासून म्हणत होती. पण आत जाताना तिने कठड्याला धरलं आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर चढली. हापशी नाल्यापलीकडे होती.

हेमराज मीटरसमोर उभा राहिला. रीडिंग चारशे बारा. त्याने ते अर्जात भरलं, अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. तो वीज कार्यालयाकडे वळला नाही, पंचायतीतही गेला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपली.

रविवारी सकाळपासून पाऊस लागला होता. ज्योत्स्ना बाजेवर चढून गळक्या छपराच्या कवेलूंखाली प्लास्टिक खोचत होती. हेमराज खालून दोरी धरून होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“हेमराज, मोटर चालू होऊन नाई राह्यली रे. टाकी रिकामी हाये. येतो का?”

यशोदाबाईचा आवाज ज्योत्स्नालाही ऐकू गेला. तिने हात न थांबवता दोरी त्याच्याकडून ओढून घेतली.

“जा,” ती म्हणाली. “तुमचं घर वाट पाहून राह्यलं.”

हेमराजने भिंतीवरची पिशवी काढली, आत टेस्टर आहे का ते चाचपलं आणि पावसात बाहेर पडला.