सेतूचा रिपोर्ट आज रिफ्रेश का झाला नाही

कंपनीतल्या माझ्या मराठी मंडळींनो, आज सकाळी तुम्ही सगळ्यांनी मिळून एका मेलेल्या माणसावर राग काढलात.

डॅशबोर्डवर कालचेच आकडे होते. तिरुवैयारू डेपोचा भाताचा साठा कालचा, ओरत्तनाडूचा कालचा.
ग्रुपवर एकाने लिहिलं, "सेतूचा रिपोर्ट झोपला वाटतं."
त्याखाली हसरे चेहरे.

तुमची तक्रार मला मान्य आहे. शिळ्या आकड्यांवर ट्रक पाठवायचे कसे?
पण मी आज सकाळी कुठे होतो ते ऐका. तमिळ शाळेत शिकल्यामुळे देवनागरी वाचता येत नसेल तर घरातल्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

आज सेतूला जाऊन महिना झाला.

तुम्ही मला ओळखता. पोंगलचा कार्यक्रम असो की युनियनची सभा, माईक माझ्या हातात. आयुष्यभर पुस्तकं वाचली ती बोलण्यासाठीच.
आणि आयुष्यभर एकाच माणसावर जळलो. जो बोलतच नसे त्याच्यावर.

ओरत्तनाडूची वार्षिक मीटिंग आठवते?
मी बोलत होतो, मागे भिंतीवर सेतूचा रिपोर्ट लावलेला. सुरुवातीलाच त्याला म्हटलं होतं, "डेय सेतू, तो स्क्रीन बंद कर. लोक इकडे बघणार की तिकडे?"
"तुम्ही बोला की अण्णा. ते आपोआप चालतं."

भाषण रंगात आलं, आणि अचानक हॉलभर "अय्यो!" झालं. टाळ्या पडल्या.
मी छाती फुगवून थांबलो.
मग मागे वळून पाहिलं. रिपोर्ट रिफ्रेश झाला होता, आलेखातला ओरत्तनाडूचा हिरवा खांब पापनाशम डेपोच्या वर गेला होता.
टाळ्या खांबाला होत्या.

सेतू कोपऱ्यात कॉफी पीत बसला होता. मान खाली घालून हसत होता, मेला.

(हा शब्द आज लिहायला नको होता. पण त्याला मी हेच म्हणायचो, आणि तो हसायचा.)

मग तो आजारी पडला. घरून काम करू लागला.
डेपोंच्या फायली त्याच्या घरच्या लॅपटॉपवर उतरायच्या. तिथून गेटवे नावाचा एक छोटा प्रोग्राम त्या वर रिपोर्टपर्यंत पोचवायचा. रोज सकाळी सातला, ठरल्या वेळी.
लॅपटॉप चालू तर रिपोर्ट ताजा. लॅपटॉप बंद तर रिपोर्ट शिळा. एवढंच ते "आपोआप".

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही रिपोर्ट आला. तेराव्यालाही आला.
ऑफिसात कोणी विचारलंच नाही. जे चालतंय त्याबद्दल कोण विचारतं?

मला काय वाटलं सांगू?
हेवा वाटला. जळजळीत.
मी गेलो की माझा आवाज त्याच संध्याकाळी थांबेल. हा बघा, फोटोला हार घातलाय आणि रोज सातला हजेरी लावतोय.

आज त्याचं मासिक श्राद्ध होतं. तिरुवैयारूला कावेरीच्या घाटावर. मी गाडी घेऊन गेलो होतो.
त्याचा धाकटा भाऊ तर्पण करत होता. सेतूची बायको, मालती वैनी, वरच्या पायरीवर बसल्या होत्या, सेतूचा फोन पिशवीत.

फोन वाजला.
वैनींनी काढून पाहिला. रिफ्रेश फेल झाला की इशारा अजून त्याच्याच नावावर येतो.

त्या उठल्याच.
"अण्णा, मला घरी सोडता? करंट गेलं असेल. लॅपटॉपची बॅटरी मेलीय, करंट आलं तरी कोणी तरी बटण दाबायला पाहिजे की."
"वैनी, तर्पण चाललंय!"
"सातचं चुकलं. ऑफिसात ओरडत असतील त्यांच्यावर."

त्यांच्यावर. जणू सेतूला आत केबिनमध्ये बोलावलंय.

मी विचारलं, महिनाभर रोज तुम्हीच चालू ठेवता?
"मग? टेबल फॅन लावून ठेवते. तापतो ना."
"आणि लेकीकडे पापनाशमला कधी जाणार? दिवस भरत आलेत तिचे."
"कशी जाऊ? हे सांगून गेले, हा बंद करू नको म्हणून."
मग हळूच म्हणाल्या, "बंद कर म्हणून नंतर कोणी सांगितलंच नाही, अण्णा."

मी गाडीची किल्ली काढली. 

आणि खरं सांगतो, त्या पायरीवरही मी जळलोच. माझी बायको माझं भाषण सुरू झालं की पंखा मोठा करते, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. याच्या लॅपटॉपला वारा घालायला मालती वैनी!

पण मंडळी, हेवा मी एकटा करीन. तुम्ही विचार करा.
जगात आपोआप काही चालत नसतं. "आपोआप" म्हणतो तिथे कोणीतरी बसलेलं असतं, आपण त्याचं नाव विचारलेलं नसतं. आपल्या सात वाजताच्या आकड्यांसाठी एक बाई घर सोडून जात नाही. तिकडे तिची पोर पहिल्या बाळंतपणाला आईची वाट बघते आहे.

सेतू, जा आता. तुझी ड्युटी संपली. टाळ्या तूच नेल्यास, कायमच्या नेल्यास. माझा नमस्कार घे.

आणि तुम्ही, खाली हात जोडलेल्या खुणा टाकत बसू नका. आत्ता ऑफिसच्या आयटी विभागाला एक ओळ लिहा: "सेतूचा गेटवे सोमवारी ऑफिसच्या सर्व्हरवर हलवा."
सगळ्यांनी लिहा. आजच लिहा.

वैनींना मंगळवारी पापनाशमची बस पकडायची आहे.