बाईंच्या अळ्या आणि सासरेबुवांचं पोट

एदेल्मिरा बाईंची पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा वास आला, आणि त्या वासानं पेरूतल्या इकितोसच्या बाजारातली निम्मी गिधाडं उडून गेली. मागून बाई आल्या. उंची माझ्या कोपराएवढी, डोक्यावर प्लास्टिकची पेटी, पेटीत लाखभर वळवळणाऱ्या अळ्या. माझ्या मासळीच्या फळीवर पेटी आदळून म्हणाल्या, "आतडी नदीत फेकतोस ना? उद्यापासून ह्यांना घाल. खत मिळेल, कोंबड्यांचं पोट भरेल, आणि तुझी फळी जरा माणसांत येईल."

वर्षभरात बाईंनी चाळीस जणांना पेट्या सांभाळायला शिकवलं. ओलं किती, कोरडं किती, सावली कुठं, सगळं. पण बाई डोंगराकडच्या. ताडाच्या खोडातल्या अळ्या आम्ही नदीकाठची माणसं काडीला टोचून, भाजून, मिटक्या मारत खातो, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एका रविवारी माझे सासरे तेओदोसियो यांनी आमच्या एका पेटीतल्या तीन मुठी अळ्या मीठमिरची लावून परतल्या. "ताडाच्याच आहेत, जात बारीक," म्हणाले. मीही सात खाल्ल्या.

तेवढ्यात बाई आल्या. कढईत डोकावल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"कुठल्या पेटीतल्या?"

"कडेच्या," मी म्हणालो.

"अरे गाढवा, तिच्यात परवाचा मेलेला उंदीर होता!"

सासरे जाळीच्या झोळीत आडवे झाले ते थरथरतच. बातमी बाजारभर पोचली. शेजारीण रोसाल्विना रॉकेलचा डबा घेऊन दारात उभी राहिली. "म्हातारा गेला की चाळीसही पेट्या जाळायच्या. आणि बाईला होडीत बसवून परत डोंगराकडं धाडायचं."

बाई सासऱ्यांचा हात धरून बसल्या. बाईंच्या कपाळावर घाम, माझ्या तर पाठीवरही. पोटात काहीतरी चालतंय असं मला वाटायला लागलं. सातही अळ्या, रांगेनं.

"बाई, मरताना दुखतं का हो?"

"मला काय ठाऊक? मी कधी मेले?"

सासरे पुटपुटले, "जावईबापू, माझं मासळीचं जाळं तुम्हाला मिळणार नाही. पेटी तुम्ही आणलीत." मग डोळे मिटले. बराच वेळ छाती हललीच नाही. रोसाल्विनानं डब्याचं झाकण उघडलं. बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

सासरे ढेकर देऊन उठून बसले. "ते कढईतलं उरलंय का?"

कोणी मेलं नाही. पेट्या जाळल्या नाहीत. अळ्या चविष्ट लागतात हेही बाजारभर पोचलं, आणि पुढच्या दोन महिन्यांत लोकांनी अळ्या खाऊन पेट्या रिकाम्या केल्या. आतडी पुन्हा नदीत जातात. एदेल्मिरा बाई हल्ली बर्फ विकतात.