साहेबाने पोरं मागितली

देश स्वतंत्र झाल्याचं आमच्या गावाला कळलं होतं, पटलं नव्हतं. कुरखेड्याकडच्या जंगलातलं गाव आमचं. पूर्वी साहेब आला की माणसं बेगारीला धरायचा. ओझी वाहायची, मजुरी नाही. म्हणून खाकी कपडा दिसला की धडधाकट माणसं पोरं घेऊन जंगलात पळायची. म्हाताऱ्या तेवढ्या मागे राहायच्या. राज्य बदललं तरी ही सवय गेली नव्हती.

मी दुसरीत होते. कुडाची एक खोली, ती शाळा. पोरं येत नसतील तर ती बंद करायची, म्हणून शाळाखात्याचा साहेब पाहायला आला. गुरुजी मोठ्या रस्त्यावर त्याची वाट पाहत राहिले आणि तो आला पायवाटेने. खाकी पँट पाहून गाव रिकामं झालं. माझ्या पायात काटा मोडला होता, म्हणून आजीने मला धान साठवायच्या ढोलीमागे लपवलं.

"सायेब, कोंबड्या नाईत, माणसं नाईत. आल्या वाटेनं जा," आजी म्हणाली.

"बाई, मला कोंबड्या नकोत. पोरं पाहिजेत."

"बापा! आता पोरंबी पाहिजे काय तुमाले?"

"न्यायची नाहीत हो, मोजायची आहेत."

"मोजूनच तं नेतेत सारे!"

"मग शाळा बंद असं लिहितो," म्हणत त्याने कागद काढला.

ते ऐकून मी पुस्तक घेऊन लंगडत बाहेर आले. "मी आहो ना शाळेत!"

आजीने पाठीत धपाटा घातला. "काऊन आली भायेर?"

मी एक पान वाचून दाखवलं. अडलं तिथे मनाचं घातलं. साहेब हसला, पण म्हणाला, "एकट्या पोरीवर शाळा चालत नाही." मग तहान लागली म्हणून स्वतःच विहिरीवर गेला, पाणी शेंदलं, आजीचीही घागर भरली. त्याची वळकटी त्याच्याच पाठीवर होती. आजी ती बघत राहिली. मग जंगलाच्या कडेला जाऊन ओरडली, "या रे! हा बेगारवाला नोहे. आपलं वझं आपणच वायते!"

आधी पोरं आली, मग मोठी माणसं. गुरुजी धापा टाकत पोचले, तोवर साहेबाने पोरं मोजलीही होती. शाळा राहिली.

मी चौथी झाले. पुढची शाळा लांब होती, बापाने पाठवलं नाही. त्याचं रडगाणं नाही. म्हातारपणी गावाच्या वनहक्काचा कागद आला तेव्हा मी तो चार वेळा वाचला आणि मगच बायांना अंगठे लावू दिले. साहेबाचे उपकार आहेतच. पण आजीचे जास्त. घाबरायला तिच्याजवळ खरं कारण होतं, तरी तिने हाक मारली.